जिल्हा बेसबॉल संघ, १७ वर्षांखालील: शेवटच्या तीन जागा कुणाला द्याव्यात?

तासगाव डगआउट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्याच्या १७ वर्षांखालील मुलांच्या संघासाठी तासगाव, विटा, पलूस आणि मिरज अशा चार संघांची साखळी झाली. प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे प्रत्येक संघाचे सहा सामने, सात-सात इनिंगचे. सोळापैकी तेरा नावांवर निवड समितीत वाद नाही. घोडं अडलंय ते तीन जागांवर: एक कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा), एक पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) आणि एक निव्वळ बॅटच्या जोरावर घ्यायचा गडी. स्कोअरबुकातले आकडे जसेच्या तसे देतो.

बॅटर अ (मिरज, पहिला बेस): २० ॲट-बॅट (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या पाळ्या), ९ हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठला), सगळे सिंगल, म्हणजे एकेका बेसचे. वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) एकही नाही. सरासरी ०.४५०.
बॅटर ब (तासगाव, सेंटर फील्ड): १८ ॲट-बॅट, ५ हिट, त्यात २ डबल (दोन बेसचे). ७ वॉक, एकदा चेंडू अंगावर. सरासरी ०.२७८. नऊ वेळा बेस चोरायला (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे धावायला) निघाला, आठ वेळा पोचला.

कॅचर क (तासगाव): १९ ॲट-बॅट, ३ सिंगल, ३ वॉक. त्याच्यासमोर ११ जण बेस चोरायला निघाले, ५ बाद. पास्ड बॉल (कॅचरने झेलायला हवा असताना सुटलेला चेंडू) २.
कॅचर ड (विटा): २१ ॲट-बॅट, ८ हिट, त्यात ३ होम रन (चारही बेसचे), बाकी सिंगल. १ वॉक. १४ जण चोरायला निघाले, १ बाद. पास्ड बॉल ९.

पिचर इ (मिरज): १५ इनिंग, ८ हिट, १६ वॉक, १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). ९ धावा दिल्या, त्यातल्या ४ अर्न्ड (फील्डिंगच्या चुकीमुळे न गेलेल्या). एकूण ३३० चेंडू.
पिचर फ (पलूस): १४ इनिंग, १४ हिट, ३ वॉक, ९ स्ट्राइकआउट. १७ धावा, त्यातल्या ६ अर्न्ड. एकूण २१७ चेंडू.

समितीतले एक सर म्हणतात, सरळ सरासरी बघा: अ, ड आणि इ. दुसऱ्यांचा आग्रह की प्रत्येक तालुक्याचा एक तरी पोरगा हवा, कारण तेरा नावांत पलूसचं कुणीच नाही. त्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान सुरू झालंय आणि ते समितीला दाखवणार म्हणतात. राज्य स्पर्धेत तीन दिवसांत चार सामने पडू शकतात. जाणकारांनी मत द्यावं, कारणासकट.

---

स्कोअरबुक, सांगली

आधी बॅटर. सरासरी काढताना वॉक हिशोबातच येत नाही, आणि इथली सगळी गफलत तिथेच होते. ऑन-बेस काढा: हिट, वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू यांची बेरीज, भागिले एकूण पाळ्या (सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे उंच झेलावर स्वतः बाद होऊन धावकाला धाव मिळवून देणं, असेल तर तीही पाळीत धरा). अ चा आकडा ९ भागिले २०, म्हणजे ०.४५०. ब चा १३ भागिले २६, म्हणजे ०.५००. दर दोन पाळ्यांत एकदा तो बेसवर आहे. स्लगिंग (हिटने मिळवलेले एकूण बेस भागिले ॲट-बॅट) धरलं तर अ ०.४५० आणि ब ०.३८९. दोन्हींची बेरीज ०.९०० आणि ०.८८९, म्हणजे जवळपास सारखीच. पण त्या बेरजेत ब चे आठ चोरलेले बेस नाहीत.

दुसरं म्हणजे वीस ॲट-बॅट ही फार थोडी खेळी. अ चे दोन सिंगल जर सुकलेल्या काळ्या मातीवरच्या ढेकळाला लागून उडालेले असतील, तर ०.४५० चे ०.३५० होतात. म्हणून समितीने स्कोअरबुक उघडून अ च्या नऊही हिटपुढची खूण वाचावी: लाइन ड्राइव्ह (सरळ जोरात गेलेले) किती, ग्राउंडर (जमिनीवरून गेलेले) किती, इनफिल्ड हिट (बेसजवळच्या फील्डरपर्यंतच गेलेले) किती. आपल्याकडे स्कोअरर बहुतेकदा संघातलाच राखीव खेळाडू असतो आणि शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) हातातून निसटलेला चेंडूही हिट म्हणून लिहितो. साधारण कसब असलेल्या फील्डरने नेहमीच्या प्रयत्नात बाद केलं असतं, तर ती एरर. या एका कसोटीवर नऊच्या नऊ पुन्हा तपासा. ब च्या वॉकमध्ये अशी भेसळ होत नाही; चार बॉल म्हणजे चार बॉल. समोरचा पिचर भरकटलेला होता का, एवढंच पाहायचं. सातपैकी पाच वॉक एकाच पिचरकडून मिळाले असतील तर त्यांचं वजन कमी धरा.

ड चे तीन होम रन कुठल्या मैदानावर झाले ते कळवा. मैदानाला कुंपण होतं का?

---

तासगाव डगआउट

तिन्ही विट्याच्या घरच्या सामन्यांत. कुंपण नाही. सेंटर फील्डच्या मागे उतार आहे, चेंडू घरंगळत गेला. बाकी सामने तासगाव आणि मिरजेत, तिथे चुन्याची रेघ होती आणि रेघ ओलांडली की दोन बेस असा मैदानी नियम ठरवला होता.

---

स्कोअरबुक, सांगली

मग हिशोब बदलतो. तेच चेंडू मिरजेत डबल झाले असते. ड चे एकूण बेस १७ आहेत. तीन होम रनचे तीन डबल केले की ११ उरतात, स्लगिंग ०.८१० वरून ०.५२४ वर येतं. तरीही ते अ, ब, क, ड या चौघांत सर्वांत जास्त आहे, हे विसरू नका. पोराला चेंडू मारता येतो, यात शंका नाही.

मैदानाचा हा फरक अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्येही धरतात. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्ह (वळणारा चेंडू) कमी वळतो. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवतात, तरी तिथल्या बॅटरचे आकडे दुसऱ्या गावच्या आकड्यांशी थेट ताडून बघत नाहीत.

पुढच्या साखळीसाठी सूचना: नियमपुस्तकात होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) कुंपण किमान २५० फूट, म्हणजे ७६ मीटर सांगितलंय. कुंपण नसेल तर सगळ्या मैदानांवर एकाच अंतरावर झेंड्या लावा आणि एकच नियम ठेवा. नाहीतर दरवर्षी हाच वाद.

---

मास्क आणि मिट, विटा

कॅचरची जागा बॅटवर ठरवू नका. गाव माझं विटा, तरी आकडे मांडून बोलतो.

ड ने बॅटने १७ बेस कमावले, क ने ३. फरक १४. आता यष्टीमागे, म्हणजे प्लेटमागे काय झालं ते बघा. ड समोर १३ बेस चोरीला गेले आणि ९ पास्ड बॉल, एकूण २२ बेस. क समोर ६ आणि २, एकूण ८. फरक पुन्हा १४. बॅटने जे आलं ते मिटमधून गेलं. शिवाय पास्ड बॉलला दोन धावक बेसवर असतील तर दोघेही पुढे सरकतात, म्हणजे २२ हा आकडा कमीत कमी आहे. क ने चोरताना पाच बाद केले, ड ने एक. आणि तीन होम रनचे डबल धरले तर बॅटचा फरक १४ वरून ८ वर येतो. चोरलेला बेस आणि हिटचा बेस एका तोलाचे नसतात हे मान्य. हिट बाकीच्या धावकांनाही पुढे नेतो. पण १७ वर्षांखाली सामने जास्त करून वॉक, चोरी आणि सुटलेले चेंडू यांवरच जातात.

तरी चोरीचा सगळा दोष कॅचरच्या माथी मारू नये. घड्याळ लावून बघा. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू मिटमध्ये येईपर्यंत एक वेळ, मिटमध्ये आवाज झाल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत दुसरी. होम ते दुसरा बेस ३८.८ मीटर. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचा कॅचर हे दोन सेकंदांच्या आसपास करतो. आपल्या पोरांनी २.३ केलं तर उत्तम, २.५ पर्यंत चालवून घ्या. पिचरने १.४ आणि कॅचरने २.४ घेतले तर झाले ३.८. लीड घेतलेला (आधीच बेसपासून थोडा पुढे सरकलेला) चपळ धावक साधारण तेवढ्यातच पोचतो, म्हणजे टॅगची (धावकाला चेंडू लावून बाद करण्याची) झुंज होते. पण पिचरने पाय उंच उचलून १.८ लावले, तर प्लेटमागे कुणीही असो, धावक उभ्यानेच पोचणार. ड ला विट्याचे जे पिचर मिळाले त्यांचा वेळ काढलाय का?

आणि एक विचारतो: ड कोणता ग्लोव्ह वापरतो?

---

तासगाव डगआउट

पिचरचा वेळ कुणी काढलेला नाही. ग्लोव्ह मात्र मी पाहिलाय. विट्याच्या संघाकडे कॅचरचा मिट नाही, तो पहिल्या बेसचा मिट घालूनच बसतो. मास्क, चेस्ट प्रोटेक्टर आणि लेग गार्ड आहेत, तेही एकच जोडी, दोघे वापरतात.

---

मास्क आणि मिट, विटा

हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. पहिल्या बेसचा मिट लांबट आणि पातळ असतो. त्याची बनावट लांबून आलेली थ्रो ओढून घेण्यासाठी. कॅचरचा मिट गोल, कडेने जाड गादीचा. पातळ मिटमध्ये वेगवान चेंडू तळहातावर बसला की हात सुन्न होतो आणि तिसऱ्या-चौथ्या इनिंगपासून पोरगं नकळत चेंडूपासून हात मागे खेचायला लागतं. तिथे चेंडू सुटतात. चेंडू लांब खिशात खोल जाऊन बसतो म्हणून तो बाहेर काढून पकड घ्यायलाही वेळ जातो, त्यात थ्रोचा दशांश-दोन दशांश सेकंद गेला. स्कोअरबुकात त्याचे नऊ पास्ड बॉल कुठल्या इनिंगमध्ये आहेत ते बघा. बहुतेक पाचवीनंतर असतील तर दोष सामानाचा. पहिल्या इनिंगपासून सारखे विखुरलेले असतील तर बसण्याची पद्धत चुकतेय.

निवडीआधी दोघांना एकाच मिटवर तपासा. थ्रो पाच-पाच, सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट सोडून मधल्या तिघांची सरासरी. चेंडू बेसच्या पहिल्या बेसकडच्या बाजूला, गुडघ्याखाली आला तरच धरा. डोक्यावरून गेलेली २.२ सेकंदांची थ्रो काही कामाची नाही. मग ब्लॉकिंग: १२ मीटरवरून हाताने २० चेंडू प्लेटसमोर मातीत टाका, ७ डावीकडे, ६ मधे, ७ उजवीकडे, क्रम न सांगता. छातीला लागून चेंडू दीड मीटरच्या आत थांबला तर गुण. मिटने झेलायला जातो की गुडघे टाकून अंग आडवं घालतो, हे लगेच दिसतं. वीसात चौदा थांबवणारा राज्य पातळीवर टिकेल.

---

माउंड, मिरज

पिचरवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या मिरजेचा इ वेगवान आहे, १५ इनिंगमध्ये १९ बाद केलेत, बघायला छान वाटतं. पण या स्पर्धेसाठी मी फ ला घेईन.

सामने सात इनिंगचे आहेत, म्हणून अर्न्ड रन सरासरी ९ ने नव्हे, ७ ने गुणून काढा. इ ची १.८७, फ ची ३.००. इथवर इ पुढे. पण प्रत्येक इनिंगला किती जण हिट आणि वॉकवर बेसवर आले? इ चे २४ भागिले १५, म्हणजे १.६०. फ चे १७ भागिले १४, म्हणजे १.२१. इ ने पोरं बेसवर चढवली आणि स्ट्राइकआउटने सुटला. राज्य स्पर्धेत पुणे, मुंबईची पोरं बाहेरच्या चेंडूला बॅट लावत नाहीत. तिथे त्याचे स्ट्राइकआउट कमी होतील आणि वॉक तेवढेच राहतील.

फ च्या १७ धावांपैकी ११ अनअर्न्ड आहेत. म्हणजे पलूसच्या फील्डिंगने त्याला अकरा धावांचा भुर्दंड दिला. त्याच्या मागे जिल्ह्याचा इनफिल्ड उभा राहिला तर त्याचे ग्राउंडर बाद होतील. स्ट्राइकआउट कमी असलेल्या पिचरला चांगल्या फील्डिंगचा फायदा सर्वांत जास्त होतो.

खरा मुद्दा चेंडूंचा. इ चे ३३० भागिले १५, इनिंगला २२. फ चे २१७ भागिले १४, साडेपंधरा. अमेरिकेत मुलांच्या खांद्या-कोपरासाठी जी मर्यादा सुचवली आहे, ती १५-१६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ९५ चेंडू. इ तेवढ्यात चार इनिंग कशाबशा टाकेल, फ सहा. विश्रांतीचं कोष्टकही पाहा: ३० चेंडूंपर्यंत दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकता येतं, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, ७६ च्या पुढे चार दिवस. तीन दिवसांत चार सामने असतील तर ७६ च्या पुढे गेलेला पिचर त्या स्पर्धेत पुन्हा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) येत नाही. मग जो ९० चेंडूंत सहा इनिंग काढतो तो एक सामना निकालात काढतो. इ नंतर मात्र त्याच सामन्यात आणखी तीन इनिंगसाठी दुसरा पिचर खर्ची पडतो. इ ला घ्यायचंच असेल तर ३० चेंडूंचा, एका इनिंगचा शेवटचा पिचर म्हणून घ्या, आणि त्या इनिंगला बेस रिकामे असताना आणा.

आणि हो, पिचिंग केलेल्या पोराला त्याच दिवशी कॅचर बसवू नका. कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकतो, हाताला विसावा मिळतच नाही.

---

कराडकर

साताऱ्याहून लिहितोय, पण हा वाद जिल्ह्याजिल्ह्यात तोच. तालुक्याचा कोटा आणि मतदान, दोन्हींवर बोलतो, कारण अमेरिकेच्या ऑल-स्टार सामन्यात (मोठ्या लीगच्या दोन गटांतल्या निवडक खेळाडूंच्या लढतीत) हे दोन्ही आहे आणि दोन्हींचा ताप त्यांनी भोगलाय.

तिथे प्रत्येक लीगच्या ३२ जणांत २० बॅटर-फील्डर आणि १२ पिचर असतात, आणि प्रत्येक क्लबचा किमान एक असावा असा नियम आहे. लीगमध्ये १५ क्लब, म्हणजे ३२ पैकी १५ जागांवर कोट्याची सावली. ३२ जणांत ते खपतं, आणि तो एक प्रदर्शनी सामना आहे. आपल्याला १६ जणांत हरलं तर घरी अशी स्पर्धा खेळायची आहे. कोटा नियम म्हणून लावू नका. फ पलूसचा आहे म्हणून नको. वर मिरजेच्या सरांनी मांडलेल्या आकड्यांवर घ्या. तळाच्या संघाच्या पोराला नाकारण्याचं कारणही तालुका असू नये, एवढंच समितीने बघावं.

मतदानाचं म्हणाल तर १९५७ साली सिनसिनाटीच्या वर्तमानपत्राने आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या आणि नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या आठ जागांपैकी सात सिनसिनाटीकडे गेल्या. फक्त पहिल्या बेसवर सेंट लुइसचा स्टॅन म्युझिअल टिकला. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी गस बेल आणि वॉली पोस्ट यांना सुरुवातीच्या संघातून काढून तिथे विली मेज आणि हँक आरन यांना उभं केलं, आणि चाहत्यांचा मताधिकार गेला तो थेट १९७० मध्ये परत आला. आज चाहते सुरुवातीचे बॅटर निवडतात, पण पिचर नाही. पिचर आणि बरेच राखीव खेळाडूंच्या मतांवर आणि लीगच्या कार्यालयाकडून ठरतात. त्यातलं घेण्यासारखं एवढंच: पालकांचं मत बाजूला ठेवा, चार कर्णधारांना कागदावर विचारा. प्रश्न "कोण चांगला" असा नको. "इ आणि फ यांपैकी कुणासमोर तुमची पोरं जास्त अडली" असा विचारा, आणि स्वतःच्या संघाच्या पोराबद्दल मत द्यायची मुभा नको.

थोड्या खेळीवर निवड करण्याचं ताजं उदाहरण २०२५ चं. मिल्वॉकीच्या जेकब मिझिओरोव्स्कीला मोठ्या लीगमधल्या अवघ्या पाच सामन्यांवर ऑल-स्टारमध्ये घेतलं. चेंडूचा वेग अफाट, पण फिलाडेल्फियाच्या खेळाडूंनी उघड नाराजी दाखवली, कारण अर्धा हंगाम राबलेले त्यांचे पिचर बाहेर राहिले. प्रदर्शनी सामन्याला वेग बघायला लोक येतात. जिल्हा संघाला सहाव्या इनिंगपर्यंत टिकणारा हात लागतो.

बॅटरच्या जागेवर माझं मत वेगळं आहे. अ आणि ब यांतच का अडकलात? कॅचर म्हणून क घ्या आणि बॅटरच्या जागी ड. डेझिग्नेटेड हिटर (फील्डिंग न करता पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) म्हणून मारेल, क ला दुखापत झाली तर प्लेटमागे बसेल. सोळा जणांत दुसरा कॅचर लागतोच. २०२१ मध्ये शोहेई ओहतानी ऑल-स्टारमध्ये बॅटर आणि पिचर अशा दोन्ही नात्यांनी गेला. एका माणसाने दोन कामं केली की बाकावरची एक जागा मोकळी होते.

---

स्कोअरबुक, सांगली

कराडकर, दुसऱ्या कॅचरचा मुद्दा पटला, पण तेरा नावांत कुणी प्लेटमागे बसणारा आहे का ते आधी कळू दे. असेल तर मी ब वरच ठाम राहीन. अटीतटीच्या सामन्यात सातव्या इनिंगला पहिल्या बेसवर मंद पोरगा असेल तर त्याच्या जागी पळायला आणि सेंटर फील्ड राखायला ब सारखा दुसरा नाही. नऊपैकी आठ चोऱ्या, पण त्या कुणासमोर? तासगावचा असल्याने क समोर तो धावलाच नसणार. त्याच्या चोऱ्या ड समोर किती आणि बाकी दोघांसमोर किती, ते काढा. आठपैकी पाच ड समोरच्या असतील तर मीही हात आखडता घेईन.

---

तासगाव डगआउट

तेरा जणांत कॅचर नाही. तिसऱ्या बेसवरचा मुलगा शाळेत बसायचा, यंदा नाही. ब च्या आठ चोऱ्यांपैकी तीन ड समोर, पाच बाकी दोन संघांसमोर. ड चे नऊ पास्ड बॉलही मोजले: दोन पहिल्या चार इनिंगमध्ये, सात पाचवीनंतर. अ चे नऊ हिट पुन्हा वाचले. दोन शॉर्टस्टॉपच्या हातातून सुटलेले निघाले.

---

मास्क आणि मिट, विटा

सात पाचवीनंतर. मग ते मिटचंच. रविवारी सकाळी सांगलीत दोघांना बोलवा, मिट मी देतो. डाव्या हाताचा, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या पोरांसाठीचा आहे. दोघेही उजव्याने फेकतात ना, ते आधी खात्री करा. नवा मिट नको, वापरून मऊ झालेलाच आणतो, नाहीतर चेंडू आपटून बाहेर येईल आणि चाचणी वाया जाईल.

चाचणी थकल्यावर घ्यायची. आधी दोघांना ७० चेंडू बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) झेलायला लावा, मधे चार वेळा होम ते पहिला बेस पळवा, आणि मगच थ्रो आणि ब्लॉकिंग. ताज्या दमाने केलेली २.३ सगळेच करतात. पिचर म्हणून फ ला उभं करा, म्हणजे त्याचा बेसवर धावक असतानाचा वेळही त्याच फेरीत निघेल, १.५ च्या वर गेला तर पुढच्या दोन आठवड्यांत पाय कमी उचलून टाकायचा सराव त्याला द्यावा लागेल. रविवारी त्याचे चेंडू मात्र तीसच्या आत ठेवा. बाकीचे दुसऱ्या कुणाकडून टाकून घ्या.

अ ची सरासरी आता ०.३५० झाली आणि पहिला बेस तेरा जणांत भरलेला आहे, त्याच्यासाठी जागा मला दिसत नाही. ड वीसात किमान चौदा ब्लॉक करतो का, त्यावर कराडकरांचं म्हणणं की स्कोअरबुकांचं, हे ठरेल. नाही जमलं तर तो फक्त बॅटर उरतो आणि मग ब जास्त उपयोगी.